वेगळी चूल

आमटीत मीठ कमी आहे हे सासूबाईंच्या कानावर गोडीगुलाबीनं घालावं, की सरळ चूल वेगळी मांडावी, हा प्रश्न फक्त सुनांनाच पडतो असं नाही. तो संगणकवाल्यांनाही पडतो.

ओपन सोर्स म्हणजे काय, तर ज्या प्रोग्रामची पाककृती चारचौघांत उघडी असते तो. त्यात काही खटकलं, तर दुरुस्ती करून मूळ मंडळींकडे पाठवायची. तिला म्हणतात पॅच, आपल्याकडचं ठिगळ. नाहीतर अख्खी पाककृती उचलून शेजारी स्वतःचा संसार थाटायचा. तो फोर्क. नाव जेवणाच्या टेबलावरचं, काम भाऊबंदकीचं!

आमचा भाचा जन्मजात फोर्कवाला. ताईच्या मसाल्याच्या धंद्याची बिलं ज्या प्रोग्राममध्ये निघतात, त्यात स्वल्पविराम साहेबी पद्धतीनं पडत. लाखाचा आकडा वाचताना ताईला धाप लागे. यानं दुरुस्ती करून पाठवली. तीन आठवडे उत्तर नाही.

"मामा, मी फोर्क करतो!"

"कर की. पण रोजची भांडी कोण घासणार?"

कारण मूळ घरी उद्या एखादं भोक बुजवलं, की ते आपल्याही घरी आपणच बुजवायचं. परवा हा बंगलोरला नोकरीला गेला, की ताईची बिलं कुणाच्या भरवशावर?

वेगळ्या चुली पेटत नाहीत असं नव्हे. जीसीसी या कंपायलरमधून १९९७ साली काही मंडळी बाहेर पडली. त्यांचा ईजीसीएस इतका झकास चालला, की १९९९ साली थोरल्या घरानंच किल्ल्या त्यांच्या हाती दिल्या. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून निघालेलं लिब्रेऑफिस आजही सुखानं नांदतंय. पण तिथं राबणारे हात पुष्कळ होते. आमच्या भाच्याच्या घराण्यात कर्ता, कारभारी आणि गडी, सगळं भाचाच!

शेवटी त्यानं त्या भल्यामोठ्या ठिगळाचे तीन तुकडे केले, प्रत्येकाला चाचणी जोडली आणि नम्र पत्रासह पुन्हा पाठवले. चौथ्या दिवशी उत्तर आलं. सतराव्या ओळीत एक मोकळी जागा जास्त पडली होती म्हणे.

भाचा भडकला. मी मात्र ताईला म्हटलं, पेढे आण. सासूनं भाकरीच्या कडा जाड झाल्या म्हटलं, की समजावं, सून घरात घेतली!