अण्णांची वही

भाचा इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये नोकरीला आहे. उन्हाळ्यात त्याचा फोन आला, "मामा, एकदा याच. यॉर्कच्या जुन्या तटावरून चालत गाव पाहता येतं." मी हो म्हणालो. पण फोन ठेवल्यावर मनात आले, देगलूरहून चार-पाच तासांवरचे आपले जुने शहर तरी आपण कुठे नीट पाहिले आहे? १९५६ पर्यंत हैदराबाद हीच आमची राजधानी. अण्णा तिथेच उस्मानिया विद्यापीठात शिकले, तेही उर्दूतून. ते गेल्यावर ट्रंकेत एक वही निघाली, सगळी उर्दू लिपीत. घरात कुणालाच ती वाचता येईना. ती पिशवीत टाकली आणि सकाळची बस धरली.

आधी गोवळकोंडा पाहिला. फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली वाजवलेली टाळी वर बालाहिसारवर ऐकू येते. १६७७ साली शिवाजी महाराज हैदराबादेत, तेव्हाच्या भागानगरात, अबुल हसन कुतुबशहाच्या भेटीला आले होते. पुढे दहाच वर्षांनी, १६८७ मध्ये, औरंगजेबाने आठ महिने वेढा घालून हा किल्ला घेतला. टाळीची खबर ठेवणाऱ्या किल्ल्याचा दरवाजा शेवटी आतूनच उघडला गेला.

दुपारी चारमिनार. १५९१ पासून उभा आहे. खाली बांगड्यांची, मोत्यांची, अत्तराची तीच गर्दी. तिथून विचारत विचारत छत्ता बाजारात गेलो. उर्दू लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात पंचाहत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. वही पुढे केली. चष्मा लावून त्यांनी दोन ओळी पाहिल्या आणि म्हणाले, "हर्फ तो उर्दूकेच हैं साब, पन ज़बान समझ में नै आरी."

हा 'च' आपलाच. दखनीने मराठीकडून घेतलेला. मी म्हणालो, "नुसते मोठ्याने वाचा."

ते अडखळत वाचू लागले, "आई ची... कालजी... वाटते."

मी खुर्चीत ताठ झालो. अण्णांनी उर्दू लिपीत मराठी लिहिली होती! त्या लिपीत 'ळ' नाही, म्हणून काळजीची कालजी झाली होती. मग ते उच्चार करीत गेले आणि मी अर्थ सांगत गेलो. पान १३ सप्टेंबर १९४८ चे होते, म्हणजे पोलीस ॲक्शन सुरू झाली तो दिवस. पुढे पाच दिवस तेच: गावाकडचे पत्र नाही. आईची काळजी वाटते. आजही पत्र नाही.

घरी आम्हाला अण्णा कधी हळवे दिसले नव्हते. त्या दिवसांविषयी विचारले की ते विषय बदलत.

वाचणारे थांबले. चष्मा पुसत म्हणाले, "मेरे वालिद भी उस साल खत का इंतजार करते बैठे थे. चचा आपकेच तरफ रहते थे, उस्मानाबाद में. खत नै आया."

मी काही बोललो नाही. त्यांनी चहा मागवला. निघताना पैसे देऊ केले तर हात मागे घेतला.

बसमधून बहिणीला फोन केला. म्हटले, "अगं, वही मराठीतच आहे. पण वाचायला त्यांच्याकडेच जावं लागेल."

निम्मी वही अजून उरली आहे. दिवाळी झाली की पुन्हा हैदराबादेस जाणार. यॉर्कचे नंतर पाहू.