मानोचं इंजेक्शन

मराठीत मांजर नपुंसकलिंगी आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांना हे पटवायला मला दरवर्षी एक तास घालवावा लागतो. त्यांच्या घरात ‘बिल्ली’ असते, ती येते, ती दूध पिते. म्हणून निबंधात ‘मांजर आली’ असं लिहितात आणि मी लाल पेनाने ‘आले’ करते. मादीसाठी मराठीत ‘भाटी’ असा चांगला शब्द आहे, नरासाठी ‘बोका’ आहे. बोका टिकला, भाटी मात्र नांदेडमध्ये तरी फारशी कानावर पडत नाही. मादी असण्याबद्दल बोलायची वेळ आली की आपल्याकडे शब्द आधी गायब होतात, मग ते मांजर असो की माणूस.

हे सगळं आठवायचं कारण नववीतली एक मुलगी. देगलूर नाक्याकडे राहते. शाळा सुटल्यावर टेबलापाशी उभी राहिली, ओढणीचं टोक पिळत. “आपा, हमारी मानो को… वो… नीचे सूज आई.” नीचे म्हणजे कुठे, हे विचारल्यावर तिने पोटाकडे बोट केलं आणि मान खाली घातली. आठ दिवसांपासून सूज होती. अब्बूंना सांगायचं कसं, या शरमेत आठ दिवस गेले. दादीने बघितलं होतं आणि नजर लागली म्हणून मिरच्या उतरवल्या होत्या. चाचा म्हणाले, कॅन्सर आहे, पोतं घ्या आणि गोदावरीच्या पलीकडे सोडून या. ते पोतं खरंच काढून ठेवलेलं होतं, म्हणून ती माझ्याकडे आली होती.

मी त्या संध्याकाळी गेले. मानो आठ-नऊ महिन्यांची, पांढरी-करडी. मांजरीला साधारण आठ आचळं असतात, चार-चारच्या दोन रांगा. मानोच्या दोन्ही रांगा फुगलेल्या होत्या, मागच्या दोन गाठी तर लिंबाहून मोठ्या. हाताला घट्ट लागत होत्या. चालताना मागचे पाय फाकवून चालत होती. पण डोळे स्वच्छ होते, माझ्या हाताचा वास घेतला, आणि दादीने टाकलेला मटणाचा तुकडा लगेच उचलला. पिल्लं कधी झालीच नव्हती, म्हणजे दूध तुंबल्याचाही प्रश्न नव्हता.

आपल्या मराठवाड्यात गाई-म्हशींची दगडी सगळ्यांना माहीत आहे. कास सुजली, गरम झाली, दुधात गुठळ्या आल्या की ती दगडी. त्यामुळे मांजराची सूज बघून शेजारचे एक काका म्हणाले, पिळून काढा, शेक द्या. पण हा आजार तो नव्हे. मांजरीलाही दगडीसारखा स्तनदाह होतो, तो बहुतेक पिल्लांना पाजणाऱ्या मांजरीला. एखाद-दुसरं आचळ लाल, गरम, दुखरं होतं, त्यातून पू किंवा रक्ताळलेलं दूध येतं, अंगात ताप असतो. मानोचं तसं नव्हतं. सगळी आचळं एकाच वेळी, दोन-तीन आठवड्यांत भराभर वाढलेली, आणि मांजर खातंय-पितंय.

दुसऱ्या दिवशी तिला शहरातल्या एका तरुण जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, “इंजेक्शन दिलं होतं का?”

मुलीचे अब्बू गप्प झाले. मग म्हणाले, दिलं होतं. महिन्याभरापूर्वी मानो माजावर आली होती. रात्रभर ओरडायची, जमिनीवर लोळायची, गल्लीतले बोके छपरावर जमायचे. शेजारी वैतागले. ऑपरेशन करून घ्या असं कोणीतरी सुचवलं, तर दादी म्हणाल्या, “नक्को, अल्लाह की बनाई चीज कू काटते नइं. गुनाह होता.” मग कोणीतरी सांगितलं की एक सुई मिळते, तीन-चार महिने माज थांबतो, कापाकापी नको, खर्चही कमी. एका ठिकाणाहून ती सुई टोचून आणली. घरात सगळ्यांना बरं वाटलं, गुनाह टळला आणि झोपही मिळाली.

डॉक्टरांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. मादीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक असतं. गर्भ राहिला की ते वाढतं, गर्भाशय सांभाळतं आणि दुधाच्या ग्रंथींना तयारीला लावतं. मांजरीचा प्रकार जरा वेगळा. तिचं बीज सहसा बोक्याशी संबंध आल्यावरच सुटतं. संबंध आला पण गर्भ राहिला नाही, तरी सुमारे चाळीस दिवस प्रोजेस्टेरॉन वाढलेलं राहतं. काही मांजरींत बोक्याशिवायही बीज सुटतं. आता काही कोवळ्या मांजरींच्या ग्रंथी या संप्रेरकाला गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद देतात. पहिल्या-दुसऱ्या माजानंतर किंवा पहिल्या गाभणपणात त्या अचानक फुगतात. ही कॅन्सरची गाठ नसते, वाढीचा हुकूम जास्त झालेला असतो. हुकूम देणारं संप्रेरक कमी झालं की सूजही हळूहळू उतरते.

आणि माज थांबवायची ती सुई? तीत असतं तेच, प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम औषध, मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. आपल्या बायकांना हे औषध अनोळखी नाही. सरकारने 2017 पासून ‘अंतरा’ या नावाने दर तीन महिन्यांनी घ्यायचं जे गर्भनिरोधक इंजेक्शन आणलं, त्यात हेच आहे. (घाबरू नका. बाईचं शरीर आणि मांजरीचं शरीर वेगळं, आणि ‘अंतरा’ तपासणी करून देतात. ज्यांनी घेतलंय त्यांनी हे वाचून बंद करू नये, काही शंका असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारावी.) मांजरीत मात्र हे औषध ग्रंथींना तोच वाढीचा हुकूम देत राहतं. सुई एकदा टोचली की औषध महिनोन्‌महिने अंगात झिरपत राहतं, परत काढता येत नाही. बोक्याला दिलं तरी त्याची आचळं सुजलेली पाहिली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. वारंवार दिलं तर मधुमेह, गर्भाशयात पू आणि पुढे स्तनाच्या खऱ्या गाठी, हे धोकेही आहेत.

म्हणजे ज्या गोष्टीला ‘कापण्यापेक्षा बरी’ समजून घरात आणलं, तिनेच मानोला पोत्यापर्यंत नेलं होतं.

चाचांना दोष देणं सोपं आहे, पण कॅन्सरची भीती हवेतून आलेली नव्हती. म्हाताऱ्या मांजरीला, दहा-बारा वर्षांच्या, आचळाजवळ कडक गाठ आली तर ती बहुतेक वेळा कर्करोगाचीच निघते. फरक वयाचा आहे. दोन वर्षांच्या आतली मांजर, सगळी आचळं एकदम, नुकताच माज किंवा गाभणपण किंवा सुई, असं असेल तर आधी संप्रेरकाचा विचार करायचा. हे डॉक्टरने ठरवायचं, आपण बोटाने दाबून नाही. चाचांना फक्त एक बाजू माहीत होती आणि नदी जवळ होती.

उपचार काय, तर कारणावर अवलंबून. सूज माजामुळे किंवा गाभणपणामुळे असेल तर अंडाशय काढलं की हुकूम देणारा स्रोत जातो. पोट सुजलेलं असल्यामुळे टाका पोटावर न घालता कुशीतून घालतात. सूज सुईमुळे असेल तर अंडाशय काढून लगेच फरक पडत नाही, कारण औषध अंगातच आहे. प्रोजेस्टेरॉनला अडवणारं एक वेगळं औषध असतं, त्याचं नाव अ‍ॅग्लेप्रिस्टोन. ते मानोला मिळालं नाही. म्हणून वाट बघायची, आणि वाट बघताना कातडी सांभाळायची. ताणलेली कातडी फाटते, मांजर चाटतं, जखम होते, माश्या बसतात. नांदेडचा एप्रिल तुम्हाला ठाऊक आहेच.

मागच्या दोन गाठींवर जखमा झाल्याच. मुलीने गळ्याभोवती प्लास्टिकची पट्टी लावली, डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक वेळेवर दिलं, जखम मिठाच्या कोमट पाण्याने पुसली. दादी फिनाईल लावायला निघाल्या होत्या. चाचा वेदनेसाठी घरातली पॅरासिटॅमॉलची अर्धी गोळी देणार होते. इथे मी जरा जोरात बोलले. पॅरासिटॅमॉल मांजराला विष आहे, अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो. फिनाईलचंही तेच, मांजर अंग चाटतं आणि ते पोटात जातं. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे दोन विसरू नका.

आता गुनाहचा प्रश्न. मी आलिमा नाही, शिक्षिका आहे, म्हणून आमच्या मोहल्ल्यातल्या एका मौलानांना विचारायला गेले. दादींनाही सोबत नेलं, नाहीतर मी सांगितलेलं त्यांनी ऐकलं नसतं. मौलानांनी फतावा-ए-आलमगीरी काढला. हनफी फिकहचा हा ग्रंथ औरंगजेबाच्या काळात, त्याच्या हुकमाने तयार झाला. (तो स्वतः इथेच खुलताबादला आहे. त्या नावाने सध्या काय काय चालतं ते राहू द्या, मांजराला त्याच्याशी देणंघेणं नाही.) त्यात मांजराच्या खच्चीकरणाचा उल्लेख चक्क आहे. फायदा होत असेल किंवा नुकसान टळत असेल तर हरकत नाही, असा त्याचा आशय. मौलाना म्हणाले, तिथे बोलणं नराबद्दल आहे, पण कारण तेच लागू करून मादीलाही आज बरेच उलेमा परवानगी देतात. निर्मितीत ढवळाढवळ नको, असं मानणारेही आहेत, तेही त्यांनी लपवलं नाही. मग दादींना त्यांनी अबू कतादांची गोष्ट सांगितली. वजूच्या पाण्यातून मांजर पाणी प्यायला आलं, तर त्यांनी भांडं कलतं केलं. सून आश्चर्याने बघत राहिली तेव्हा म्हणाले, रसूलुल्लाहांनी सांगितलंय, ही नापाक नाही, ही तुमच्याभोवती वावरणारी आहे.

दादी थोडा वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “और जो सुई दी, उसका?” मौलाना म्हणाले, तकलीफ देणारी गोष्ट माहीत झाल्यावर परत करायची नाही, एवढंच.

मला यात एक गोष्ट खटकत राहते. सुई देताना कोणी फतवा विचारला नव्हता. सुईने रक्त दिसत नाही, टाका दिसत नाही, म्हणून ती हलाल वाटली. अंडाशय बंद पाडणं दोन्हीकडे सारखंच होतं. एकीकडे एकदाच, बेशुद्ध करून, दुसरीकडे न दिसणाऱ्या मार्गाने आणि मांजराच्या जिवावर. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. त्या बाईच्या जागी आपण स्वतःला कधी बघत नाही.

मानोची सूज उतरायला पावसाळा लागला. आधी पुढची आचळं बसली, मग मागची, जखमांच्या जागी केस नसलेले दोन डाग राहिले. बकरीदनंतर तिचं ऑपरेशन झालं, त्याच डॉक्टरांकडे. खर्च तिच्या अब्बूंच्या आठवड्याच्या मजुरीएवढा आला, तो दोन हप्त्यांत दिला. ज्यांना शहरात कोणी भेटत नाही त्यांच्यासाठी उदगीरला आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे चौकशी करता येते. वयाबद्दलही विचारा. अमेरिकेतल्या 2005 च्या एका अभ्यासात असं दिसलं की सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींना स्तनाच्या कर्करोगाचा धोका 91 टक्क्यांनी कमी होता, वर्षाच्या आत झालेल्यांना 86 टक्क्यांनी. म्हणजे पहिल्या माजाची वाट बघण्यात काही हशील नाही.

मुलीने सहामाहीच्या परीक्षेत ‘माझा आवडता प्राणी’ लिहिला. ‘माझी भाटी आजारी होती, तिच्या आचळांना सूज आली होती,’ अशी सुरुवात. आचळ शब्द तिने शुद्ध लिहिला होता. पुढे दोन ठिकाणी ‘मांजर आली’ होतंच, ते मी आले केलं आणि अर्धा गुण कापला. गेल्या महिन्यात त्याच गल्लीतून आणखी दोन भाट्या एका रिक्षातून दवाखान्यात गेल्या. एक दादींच्या मैत्रिणीची होती. मध्ये, बुरख्याच्या मांडीवर पिशवी घेऊन, दादी स्वतः बसल्या होत्या.