चौसष्ट फुटांचा काफिला
भाग पहिला : मिनिआपोलिस ते रेड लेक

बुधवार, मिनिआपोलिस

शनिवारी वॉलाय माशाचा हंगाम उघडतो. मिनेसोटात मे महिन्यातला हा शनिवार म्हणजे मोठा सण. शुक्रवारी दुपारपासून उत्तरेकडचे रस्ते होड्यांनी भरून जातात आणि मध्यरात्री बारा वाजून एक मिनिट झालं की गळ पाण्यात पडू लागतात. आम्ही उद्याच निघतोय, कारण आमचा काफिला लांबलचक आहे. पुढे दादाचा पिकअप, त्याच्यामागे राहायचा कॅम्पर आणि कॅम्परच्या मागे ट्रेलरवर होडी.

गरवायला जाणाऱ्या घरांपुढे दर वर्षी हा पेच असतो. कॅम्पर ओढून नेला तर होडी अंगणात राहते. होडी नेली तर मुक्काम मोटेलात आणि स्वयंपाक बंद. दोन गाड्या काढल्या तर चालकही दोन लागतात आणि पेट्रोलचा खर्च दुप्पट होतो. दोन्ही एकामागे एक जोडून न्यायची सोय आहे, पण ती प्रत्येक राज्यात नाही. मिनेसोटा आणि दोन्ही डकोटांमध्ये चालते. मिशिगनमध्ये त्यासाठी परवान्यावर वेगळी नोंद करून घ्यावी लागते. न्यूयॉर्क आणि फ्लोरिडात मुळीच चालत नाही.

मिनेसोटाच्या अटी आम्हाला पाठ आहेत. गाड्या तीनच, आणि एकूण लांबी ७० फुटांच्या आत. चालक किमान १८ वर्षांचा. मधला कॅम्पर ‘फिफ्थ व्हील’ जातीचाच हवा, म्हणजे ज्याचं नाक पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या वर, टेकतं तो. साधा, मागच्या गोळ्यावर अडकवायचा कॅम्पर इथे चालत नाही. शिवाय मिनिआपोलिस-सेंट पॉलभोवतीच्या सात काउंट्यांत सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ७ असा काफिला रस्त्यावर आणायचा नाही. सकाळी दादाने आणि मी टेप धरून मोजलं : पिकअपच्या नाकापासून होडीच्या इंजिनापर्यंत ६४ फूट.

दुपारी महामार्गावरच्या ट्रक-थांब्यावर वजनकाट्यावर गेलो. सामान, पाण्याची टाकी, गॅस, बर्फाची पेटी, सगळं भरून. कॅम्पर ८,४०० पौंड, म्हणजे सुमारे ३,८०० किलो. होडी, इंजिन आणि ट्रेलर मिळून २,४०० पौंड. एकूण १०,८००. पिकअपची ओढण्याची क्षमता याहून बरीच जास्त आहे, आणि कायदाही तेवढंच विचारतो. पण दादाचं लक्ष दुसऱ्याच आकड्यावर असतं : कॅम्परच्या नाकाचा भार पिकअपवर किती पडतो? फिफ्थ व्हीलमध्ये तो कॅम्परच्या वजनाच्या साधारण पंधरा ते पंचवीस टक्के असावा. कमी झाला तर कॅम्पर रस्त्यावर शेपटी हलवू लागतो.

आणि होडी नेमका तो भार कमी करते. कॅम्परची चाकं टेकू धरली, तर सगळा सांगाडा सीसॉसारखा वागतो : मागचं टोक दाबलं की पुढचं उचललं जातं. होडीच्या ट्रेलरच्या दांड्याचा भार २०० पौंड. नाकापासून चाकांपर्यंत अंतर १८ फूट, चाकांपासून मागच्या हिचपर्यंत ९. म्हणजे नाकावरचे १०० पौंड हलके होतात आणि कॅम्परच्या चाकांवर ३०० पौंड वाढतात. आमचा नाकाचा भार १,७०० वरून १,६०० वर आला. चालण्यासारखा आहे. तरी वहिनीने डब्यांची पेटी कॅम्परच्या मागच्या कपाटातून काढून पुढच्या पलंगाखाली सरकवली.

मागची हिच कॅम्परच्या मूळ सांगाड्याला बसवलेली आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण पुष्कळ कॅम्परांना मागे चौकोनी नळीचा बंपर असतो, आणि तो होडी ओढण्यासाठी नसतोच. सांडपाण्याचा पाइप ठेवायला आणि फार तर जादा चाक टांगायला तो पुरतो.

गुरुवार, मिनिआपोलिस ते वॉस्किश

नऊ वाजून गेल्यावर निघालो. त्याआधीचा तासभर जोडणीत गेला. कॅम्परच्या नाकाखालची किंगपिन पिकअपच्या हिचच्या जबड्यात बसली, खटका लागला, मग कॅम्परचे ब्रेक दाबून धरून पिकअप किंचित पुढे ओढून पाहिला. कॅम्पर जागचा हलला नाही, म्हणजे जबडा नीट मिटला आहे. होडीच्या साखळ्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून अडकवल्या. दांडा कधी गोळ्यावरून निसटलाच, तर रस्त्यावर न आपटता त्या फुलीवर पडावा. मग दिवे. पिकअपचे सगळे, कॅम्परचे सगळे, होडीचा डावा मात्र मंद. पाण्यात बुडणाऱ्या ट्रेलरचे दिवे बिघडतात ते बहुतेक अर्थिंगच्या तारेपाशी. दादाने तिचं टोक घासून लख्ख केलं आणि दिवा उजळला.

होडीच्या ट्रेलरला कायद्याने ब्रेक लागत नाहीत. इथे ३,००० पौंडांपासून पुढे ते सक्तीचे आहेत. आमच्या ट्रेलरला तरीही आहेत. पुढची गाडी मंदावली की होडी पुढे रेटते, त्या रेट्यानेच दांड्यातला दट्ट्या दबतो आणि ब्रेक लागतात. त्यांना वीज लागत नाही, त्यामुळे पाण्यात उतरायची भीतीही नाही.

हा काफिला चालवायचा म्हणजे पुढचे दोन चौक आधी पाहायचे. मागे तो घेताच येत नाही. एका सांध्याचा ट्रेलर मागे घेणं सरावाने जमतं, पण दोन सांध्यांचा काही फुटांतच दुमडतो. म्हणून पेट्रोल भरायचं ते मोठ्या ट्रकांच्या थांब्यावर, जेवायचं ते आत शिरून पलीकडून बाहेर पडता येईल तिथे, आणि मुक्कामाची जागाही आरपार जाणारी. वहिनी आठवडाभर आधी नकाशावर प्रत्येक थांबा वरून पाहून ठेवते. वळताना होडी कॅम्परच्याही आतून येते, म्हणून चौकात बरंच पुढे जाऊन मग वळायचं. आरशात होडी दिसतच नाही. तिच्यासाठी कॅम्परच्या पाठीवर कॅमेरा लावला आहे.

वेग ताशी ६० मैलांच्या आत. ट्रेलरच्या अनेक टायरांची मर्यादाच ६५ असते. मागे रांग झाली की आम्ही रुंद जागा पाहून बाजूला होतो. हात दाखवून पुढे जाणाऱ्यांच्या गाड्यांनाही बहुधा होड्या असतात.

लिटल फॉल्सहून ३७१ नंबरचा रस्ता धरला. ब्रेनर्ड गेलं, मग पेक्वोट लेक्स, जिथे गावाची पाण्याची टाकी गळाच्या लाल-पांढऱ्या बुचाच्या रंगात रंगवली आहे. वॉकरला लीच लेकच्या काठी भाकरी, ठेचा आणि दही खाल्लं. प्रत्येक थांब्यावर माझं काम ठरलेलं : सहाही ट्रेलर-चाकांच्या हबला हात लावून पाहायचा. कोमट असला तर ठीक. हात ठेववत नसेल, तर आत बेअरिंगचं ग्रीस संपत आलं आहे. होडीच्या ट्रेलरला हा धोका जास्त, कारण तापलेला हब थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. म्हणून होडी पाण्यात सोडण्याआधी ट्रेलर थोडा वेळ उभा ठेवायचा.

बेमिजी, ब्लॅकडक, आणि पुढे ७२ नंबरचा सरळ रस्ता. दोन्ही बाजूंना तॅमरॅकची झाडं. त्यांना आत्ता कुठे कोवळी हिरवी सुयांसारखी पानं फुटत होती. उजेड असतानाच अपर रेड लेकच्या काठच्या वॉस्किशला पोचलो.

शुक्रवार, बिग बॉग

काफिला सोडवला की त्याचं सार्थक कळतं. कॅम्पर जागेवर टेकवला, ते घर झालं. पिकअप मोकळा झाला, त्याला होडी जोडली की धक्क्यापर्यंतची गाडी तयार. आणि धक्क्यावर तर एकच सांधा, तोही मी मागे घेऊ शकते.

हंगाम उघडायला एक दिवस होता म्हणून बिग बॉगच्या लाकडी पायवाटेवर गेलो. ही मैलभर लांबीची फळ्यांची वाट पीटच्या दलदलीवरून जाते. अलास्का वगळता अमेरिकेतली ही सर्वांत मोठी पीट-दलदल, सुमारे ५०० चौरस मैलांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे शेतीसाठी चर खणले गेले. शेती झाली नाही, चरांच्या रेघा राहिल्या.

फळ्यांच्या कडेला घटपर्णीचे लाल-हिरवे कलश होते, गेल्या वर्षीचे, बर्फाखालून तसेच निघालेले. मला कोकणातल्या सड्यावरचा दवबिंदू आठवला. पावसाळ्यात कातळावर लाल ठिपक्यांसारखा पसरणारा, कीटक खाणारा. त्याची भाऊबंद जात या दलदलीतही वाढते. कातळावरच्या बोटभर मातीत काय आणि या आंबट पाण्यात काय, नायट्रोजन जवळजवळ नाहीच. दोन्हीकडच्या झाडांनी तो कीटकांतून मिळवायचा मार्ग शोधला.

संध्याकाळी तळ्याकाठी बसलो. समोरचं अपर रेड लेक आणि त्याला जोडलेलं लोअर रेड लेक मिळून सुमारे २,८८,००० एकर पाणी. लोअर पूर्ण आणि अपरचा मोठा भाग रेड लेक नेशनच्या ओजिब्वे लोकांचा आहे. पूर्वेकडचे ४८,००० एकर राज्याच्या अखत्यारीत येतात, आणि तेवढ्यातच आम्हाला गळ टाकता येतो.

या तळ्यात १९९०च्या दशकात वॉलाय जवळजवळ संपले होते. वर्षानुवर्षं, दोन्ही बाजूंनी, तळ्याला परवडेल त्याहून जास्त मासा काढला गेला. मग रेड लेकच्या लोकांनी १९९७मध्ये आपली व्यापारी मासेमारी थांबवली. त्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं पोट त्या जाळ्यांवर होतं. १९९९मध्ये त्यांचा, राज्याचा आणि केंद्राच्या खात्याचा करार झाला. वॉलायची मासेमारी पूर्ण बंद. १९९९, २००१ आणि २००३मध्ये तळ्यात पिल्लं सोडली, आणि २००६च्या मेमध्ये तळं पुन्हा उघडलं. मासा परत आला, कारण दोन्ही काठांवरच्या लोकांनी त्याला वेळ दिला. दादा म्हणाला, “उद्या जो मासा लागेल तो कुणीतरी सात वर्षं न धरलेला मासा आहे, हे लक्षात ठेवायचं.” आम्ही तिघंही बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिलो.

शनिवार, अपर रेड लेक

पहाटे चारला उठलो. ट्रेलर थंड, बुडाचं बूच घट्ट, दोर हातात. तॅमरॅक नदीतून होडी हळूच तळ्यात नेली. तळं उथळ आहे, बहुतेक ठिकाणी पंधरा फुटांच्या आतबाहेर. म्हणून वारा सुटला की लाटा चटकन उभ्या राहतात. सकाळचे पहिले तासच आपले.

वॉलायच्या डोळ्यात, मागच्या बाजूला, चकाकणारा पडदा असतो. अंधूक उजेडात, गढूळ पाण्यात त्याला भक्ष्य दिसतं पण भक्ष्याला तो दिसत नाही. म्हणून पहाट आणि तिन्हीसांज ही त्याची वेळ. शिशाच्या छोट्या डोक्याची गरी, तिला जिवंत छोटा मासा, आणि ती तळाला टेकवून किंचित उचलायची. गरवणाऱ्याला ठाऊक असतं, मोठा मासा ओढत नाही, आधी नुसता जड होतो. दोर जड झाला, दादाने मान हलवली, मी गळ उचलला.

वहिनीने प्रत्येक मासा पट्टीवर मोजला. मापात बसत नव्हते ते ओल्या हातांनी परत सोडले. रात्री खाण्यापुरते ठेवले आणि वारा उठायच्या आत किनाऱ्याला आलो. संध्याकाळी कोकमाचं आगळ, आलं-लसूण, मिरपूड आणि रव्यात घोळवलेल्या तुकड्या तव्यावर पडल्या. पांढरा, घट्ट, गोडसर मासा. शेजारच्या कॅम्परमधल्या आजोबांना वास लागला, त्यांना बशी भरून दिली. त्यांनी वहिनीकडून आगळाची बाटली हातात घेऊन हुंगली आणि पुन्हा एक तुकडी मागितली.

रविवार, वॉस्किश ते लेक ऑफ द वूड्स

आज उत्तरेला, कॅनडाच्या सीमेवर जायचं. पण निघण्याआधीचं काम सगळ्यांत महत्त्वाचं. धक्क्यावरच होडीचं बूच काढलं आणि बुडातलं पाणी वाहून जाऊ दिलं. आमिषाच्या बादलीतलं तळ्याचं पाणी ओतून नळाचं भरलं. ट्रेलरच्या दांडीला चिकटलेली पाणवनस्पतीची एकेक काडी काढली. बूच काढून ठेवूनच होडी रस्त्यावर न्यायची, हा इथला कायदा आहे. कारण झेब्रा शिंपल्याची पिल्लं डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि वाटीभर पाण्यातून ती दुसऱ्या तळ्यात जाऊ शकतात. एकदा शिरली की ती काढून टाकायचा उपाय नाही.

दुसऱ्या तळ्यात उतरण्याआधी होडी पाच दिवस कोरडी ठेवावी अशी शिफारस आहे. कायद्याने ती सक्ती नाही, आणि लेक ऑफ द वूड्स इथून तासाभराच्या वाटेवर. दादा काही बोलला नाही. वहिनीने विचारलं, “मग कधी उतरवायची?” मी शुक्रवार म्हटलं आणि दोघांनी मान डोलावली. इतक्या लांब ओढत आणलेली होडी तळ्याकाठच्या झिपेल बेच्या झाडांखाली उन्हात, बूच काढून उभी राहील. तोवर आम्ही काठावरून गळ टाकू, नाहीतर तिथल्याच तळ्यावर कायम चालणाऱ्या मोठ्या लाँचमध्ये जागा घेऊ.

सांधे जोडले, साखळ्या फुलीत अडकवल्या, दिवे पाहिले, हबला हात लावला. जो पुढे चालवतो, त्याच्या मागे येणारं सगळं त्याचंच. चौसष्ट फुटांवरचा मंद दिवा त्याचा, आणि होडीच्या बुडातलं चमचाभर पाणीही त्याचंच. ७२ नंबरच्या रस्त्यावर काफिला उत्तरेला वळला.

(पुढील भागात : बॉडेटचा चाळीस फुटी वॉलाय, झिपेल बे, आणि जिथे १९.५ ते २८ इंचांमधला प्रत्येक वॉलाय परत सोडावाच लागतो ते तळं.)