कळीचा चुना

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या अंगणात लोखंडी पिंप यायचं. आजोबा त्यात कळीच्या चुन्याची ढेकळं टाकायचे, वरून पाणी ओतायचे आणि आम्हां पोरांवर ओरडायचे, “लांब व्हा, डोळ्यांत उडेल!” चूल नाही, जाळ नाही, तरी पिंपातलं पाणी रटरटायचं, वाफा निघायच्या. दगड पाण्याला उकळी आणतो ही मला तेव्हा भुताटकीच वाटे. रात्रभर चुना विरला, सकाळी त्यात नीळ आणि डिंक पडला, की सफेदी तयार.

भुताटकीचा उलगडा शाळेत झाला. 100 किलो शुद्ध चुनखडी भट्टीत भाजली की 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो, 56 किलो कळीचा चुना उरतो. पाणी मिळताच तो त्याच्याशी संयोग पावतो आणि ती धग त्यातूनच निघते. विरघळतो मात्र फारच थोडा: लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम. बाकीचा तळाशी बसतो. वरची नितळ निवळी बाईंनी चंचुपात्रात घेऊन तापवली. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. ही निवळी तापल्यावर उलट गढुळली. मग थंड निवळीत आम्हांला नळीने फुंकायला लावलं. थोड्याच वेळात ती दुधाळ झाली. श्वासातला वायू परत घेऊन चुन्याची पुन्हा चुनखडी झाली होती.

घरी हीच निवळी आजी कोहळ्याच्या पेठ्यासाठी ठेवायची. तिच्यात भिजलेल्या फोडी पाकात शिजूनही मोडत नसत. आजोबांच्या चंचीत चुन्याची डबी असेच. पानाला चुना जास्त झाला की जीभ त्यांची भाजे आणि बोलणी आजी खाई.

गेल्या वर्षी त्या घराच्या भिंती खरवडल्या. डिस्टेंपरखालून सफेदीचे पापुद्रे निघाले, एकेका दिवाळीचा एकेक. वाळताना सफेदीने हवेतला वायू ओढून घेतलेला. त्यात घरात बोलणाऱ्या, भांडणाऱ्या, घोरणाऱ्या माणसांचे श्वासही आलेच. लेकीला दाखवायला एक पोपडा बशीत घेतला आणि वर लिंबू पिळलं. तो फसफसला. बुडबुडे थांबेपर्यंत आम्ही दोघी बघत राहिलो. मग बशी विसळून ठेवली.