लोखंडाचा भोपळा

मराठीच्या प्राध्यापिकेचा भोपळ्याशी संबंध येतो तो दोनच ठिकाणी. एक उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात, आणि दुसरा वाक्प्रचारांच्या तासाला. विळ्याभोपळ्याचे सख्य म्हणजे उभा दावा, हे मी गेली वीस वर्षे मुलांना सांगत आले आहे. तो विळा घडवतात कसा, असे एखाद्याने विचारले असते तर मात्र मी घंटेची वाट पाहिली असती. सुदैवाने आमची मुले असले प्रश्न विचारत नाहीत. तेव्हा विळा घडवणारे हात भोपळाही घडवतात, आणि तोही लोखंडाचा, हे अमेरिकेत प्रथम ऐकले तेव्हा कुणीतरी आपली थट्टा करते आहे असेच मला वाटले.

त्याचे असे झाले. दिवाळीची सुट्टी आणि साठलेली रजा यांची मोट बांधून मी धाकट्या भावाकडे ॲटलांटाला गेले होते. ऑक्टोबर महिना. जिकडे पाहावे तिकडे भोपळे! पायरीवर भोपळे, कठड्यावर भोपळे, दुकानाच्या दारात भोपळ्यांचे डोंगर. महिनाअखेरीस त्यांचा हॅलोवीन येतो, त्याची ही तयारी. आयर्लंडातली माणसे पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा लावीत. ती अमेरिकेत आली, तिथे त्यांना सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा भोपळा सापडला, आणि सलगम बिचारे मागे पडले. भोपळा मूळचा तिथलाच. आपण ज्याची भाजी नि घारगे करतो तो तांबडा भोपळाही अमेरिका खंडातूनच इकडे आला. जुना आपला तो दुध्या. लेकीकडे निघालेली गोष्टीतली म्हातारी मग नक्की कुठल्या भोपळ्यात बसली होती, हा एखाद्या होतकरू विद्यार्थ्याने प्रबंधासाठी घ्यावा असा विषय आहे.

हे सगळे मी जेवणाच्या टेबलावर सविस्तर सांगितले. भावजय शांतपणे म्हणाली, “ताई, तुम्ही आयुष्यभर नुसत्या बोलत आलात. आता तीन दिवस हाताने काहीतरी करा. तुमचे नाव घालून ठेवले आहे.” वर्ग होता लोहारकामाचा, आणि त्यात करायचा होता भोपळा. शुल्काचा आकडा मी मनातल्या मनात रुपयांत केला आणि गप्प बसले.

ॲटलांटाहून उत्तरेला दोन-सव्वादोन तास गेले की जॉर्जियाचे डोंगर लागतात. पानगळीचे दिवस होते. आपल्याकडे रानात पळस एकटा पेटतो. इथे डोंगरच्या डोंगर पिवळे, नारिंगी, किरमिजी झालेले. ब्लेअर्सव्हिल गाव मागे पडले. उजव्या हाताला ब्रासटाउन बाल्ड हे ४७८४ फुटांचे, जॉर्जियातले सर्वांत उंच शिखर असल्याचे भावाने सांगितले. धुक्यात मला काही ते दिसले नाही. मग राज्याची हद्द ओलांडून नॉर्थ कॅरोलायनात शिरलो, आणि थोड्याच वेळात आमचे ब्रासटाउन आले. टाउन कसले! कुरणे, गुरांचे गोठे, चार दुकाने आणि टपालकचेरी.

या गावाच्या नावाने मला तिथल्या कशाहीपेक्षा जास्त धरून ठेवले. ब्रास म्हणजे पितळ. पण इथे पितळ कधी निघत नव्हते. मूळच्या चेरोकी लोकांचा या जागेसाठी शब्द होता, त्याचा अर्थ नव्याने हिरवी झालेली जागा. गोऱ्यांच्या कानाला तो पितळेसाठी असलेल्या दुसऱ्या चेरोकी शब्दासारखा लागला, आणि हिरवळीचे पितळ झाले. ज्यांची ती भाषा, त्या माणसांना १८३८ साली सैन्य लावून पश्चिमेकडे हाकलण्यात आले. चुकीचे भाषांतर मात्र अजून पाटीवर आहे.

शाळेचे नाव जॉन सी. कॅम्बेल लोकशाळा. कॅम्बेल यांनी या डोंगरी मुलखातल्या माणसांच्या जगण्याचा अभ्यास केला होता. १९१९ साली ते वारले. त्यांची पत्नी ऑलिव्ह डेम कॅम्बेल डेन्मार्ककडे गेली, तिथल्या शेतकऱ्यांच्या लोकशाळा पाहून आली, आणि मार्गरीट बटलर या मैत्रिणीच्या साथीने १९२५ साली तिने ही शाळा काढली. गावकऱ्यांनी जमीन दिली, कुणी लाकूड दिले, कुणी अंगमेहनत कबूल केली. या ऑलिव्हबाईंनी त्याआधी डोंगरातल्या बायाबापड्यांच्या तोंडची जुनी गाणी गोळा केली होती. सेसिल शार्प या इंग्रज संग्राहकाबरोबरचे त्यांचे पुस्तक १९१७ साली निघाले. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या जमवणाऱ्यांची आठवण व्हावी असेच ते काम. आजही इथे न्याहारीपूर्वी सगळे जमून गाणी म्हणतात. मग लांब टेबलांवर पंगत बसते आणि भांडी या हातातून त्या हातात फिरतात. परीक्षा नाही, गुण नाहीत. म्हणजे इथे भोपळा मिळण्याची सोयच नाही. तो ज्याचा त्याने करून घ्यायचा.

आमच्या वर्गात एक निवृत्त दंतवैद्य, एक परिचारिका, आजीबरोबर आलेला कॉलेजातला नातू, आणखी दोघे-तिघे आणि मी. लोहारशाळेत दगडी कोळशाच्या भट्ट्या ओळीने मांडलेल्या, त्यांना विजेचे भाते. शिकवणारा गृहस्थ साठीचा, दाढीवाला आणि अत्यंत मितभाषी. मितभाषी शिक्षक मी प्रथमच पाहत होते.

लोखंडी भोपळा भरीव गोळ्यातून करीत नाहीत. तो करतात दोन इंची साध्या नळीतून. नळीवर जस्ताचा मुलामा असता कामा नये, ही पहिली ताकीद. जस्त ९०७ अंशांना उकळते, आणि भट्टीतले लोखंड त्याच्या कितीतरी पुढे जाते. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. काळ्या नळीचे टोक पिवळेजर्द होईपर्यंत तापवायचे, ऐरणीच्या कडेवर आडवे धरायचे, आणि दर ठोक्याला थोडे थोडे फिरवीत आत दाबत आणायचे. मान बारीक होत जाते, शेवटी भिंतीला भिंत भिडते, तो देठ. त्याला सांडशीने एक पीळ द्यायचा. मग पोटावर बोथट छिन्नीने उभ्या खाचा मारायच्या. शेवटी नळी तोडून बुडाची बाजूही आत वळवीत मिटवत न्यायची. तिथे बारीक भोक मात्र राखायचे. पूर्ण बंद गोळ्यात पाणी अडकले आणि तो पुन्हा आगीत गेला, तर वाफ त्याला फोडल्याशिवाय राहत नाही. वेलीचा ताणा बारीक सळईचा. सगळे झाले की लोखंड पुरते निवायच्या आत त्यावर मेण चोळतात. लाली जाऊन ऊब राहिलेली असताना पितळी ब्रश घासला, तर खाचांच्या कडांवर सोनेरी झाक चढते.

लिहायला पाच मिनिटे लागली. करायला तीन दिवस. भरीव कांबेपेक्षा नळी लवकर निवते. आगीतून काढली की पिवळ्याचे नारिंगी, नारिंगीचे तांबडे, आणि मग नुसताच आवाज. निवलेल्या लोखंडावर मारलेला ठोका लोखंडाला लागत नाही, खांद्याला लागतो. आणि मी पडले व्याख्यान देणारी! कुठे मारावे याचा विचार पुरा होईपर्यंत नळी काळी पडलेली असे. माझा पहिला भोपळा एका अंगाने चपटून पडवळासारखा झाला. दंतवैद्याचा म्हणाल तर दृष्ट लागण्यासारखा. चिमट्यात धरून घाईने काम उरकण्याचा त्यांना सराव होता.

ही मंडळी हौसेने लोखंड का बडवतात, याला थोडा इतिहास आहे. कारखान्यांनी अमेरिकेतला गावलोहार जवळजवळ संपवला होता. तुरळक माणसे उरली. त्यांतले एक फ्रान्सिस व्हिटाकर (१९०६–१९९९), फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल येलिन यांच्या हाताखाली शिकलेले. उतारवयात त्यांनी गावोगाव फिरून विद्या वाटली, आणि १९८६ साली पुस्तक लिहिले ते चक्क ‘लोहाराचे पाकपुस्तक’ या अर्थाच्या नावाचे. ॲटलांटाच्या ॲलेक्स बीलर यांनी लोहारकलेवर १९६९ साली ग्रंथ लिहिला, आणि १९७३ साली जॉर्जियातल्याच लम्पकिन गावी काही लोहार जमून त्यांची संघटना उभी राहिली. कामाची गरज संपली होती. हात शिल्लक होते. आपल्या मिरजेला हेच एकोणिसाव्या शतकात निराळ्या रीतीने घडले. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा तिथले शिकलगार सतारी-तंबोऱ्यांकडे वळले, म्हणजे लोखंडाकडून भोपळ्याकडेच की!

दुसऱ्या दिवशी खाचा मारायची छिन्नी आपापली घडवायची होती. पोलादी कांब जाड. एकट्याच्या हातोड्याला दाद देईना. गुरुजींनी आठ पौंडी घण माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “मी हातोडी जिथे टेकवीन तिथे घाल. मी ती नुसत्या ऐरणीवर वाजवली की थांब.” त्यांनी टिचकी मारली. मी घण घातला. टिचकी, घण. टिचकी, घण. पाचसहा ठोके झाले असतील, आणि माझ्या लक्षात आले की ही खूण मला माहीत आहे. मी ती पूर्वी पाहिली आहे.

साताऱ्याकडच्या आमच्या खेड्यात मी तिसरीत असताना घिसाड्यांची पालं गावाबाहेरच्या माळावर पडली. पावसाळ्यात त्यांच्या गाड्या चालत नसत, म्हणून चार महिने मुक्काम. शाळेत येता-जाता आम्ही उभे राहून पाहायचो. बाप सांडशीत फाळ धरून लहान हातोडीने टिचकी मारायचा, आणि समोर उभी राहून आई घण घालायची. त्यांची मुलगी त्या चार महिन्यांपुरती आमच्या वर्गात आली होती. माझ्याच शेजारी बसे. कधीकधी आईच्या जागी तीही घण उचले. तिचा तळहात आमच्या गड्याच्या हातासारखा होता, आणि तिच्या बोटांत पाटीवरची पेन्सिल सारखी मोडे. शुद्धलेखनात गुरुजींनी तिच्या पाटीवर भला मोठा भोपळा काढला. वर्ग हसला, मीही हसले. तिने ती पाटी जवळ ओढली आणि भोपळ्याला वर एक देठ काढला.

ब्रासटाउनच्या त्या रात्री मी टिपणवहीत दोन ओळी लिहायला बसले. पेन बोटांत ठरेना. अक्षर तिच्यासारखे येत होते. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गांव-गाडा’ (१९१५) मी कितीदा वाचला आहे. बलुतेदार आणि फिरस्ते यांवर तासच्या तास बोलले आहे. पण त्या मुलीचे नाव आठवू म्हटले तर आठवेना. अजून आठवलेले नाही.

तिसऱ्या दिवशी माझा भोपळा झाला. जरासा कलता, पण भोपळाच. काळा गोळा, वर पीळ दिलेला देठ. विमानात हातातल्या पिशवीतून न्यावा असा त्याचा चेहरा नव्हता. मोठ्या बॅगेत साड्यांच्या घडीत ठेवला. पुण्याला येऊन बॅग उघडते तो आत चिठ्ठी, सुरक्षेसाठी सामान उघडून पाहिल्याची. साड्या पुन्हा घडी करून ठेवण्याचे मात्र त्या लोकांना शिकवलेले दिसत नाही.

हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्याच्या कडेला लिंबाखाली घिसाड्यांचे एक बिऱ्हाड कोयते, खुरपी, विळे मांडून बसते. वीस वर्षे मी तिथून बसने जात होते. एका रविवारी उतरले, आणि तिथल्या बाईंपुढे भोपळा ठेवला.

तिने तो उचलून फिरवला, बुडाच्या भोकात करंगळी घातली, आणि एका खाचेवर नख ठेवून म्हणाली, “हितं गार झाल्यावर मारलंय.”

मी कबूल केले.

“कशाला लागतंय ह्ये, ताई?”

“शोभेला. टेबलावर ठेवायला.”

“तिकडं केवढ्याला जातंय?”

मी सांगितले. ती हसली नाही. वळून नवऱ्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. त्याने भोपळा हातात घेतला, वजन पाहिले, परत दिला.

“एक-दोन करत न्हाई. धा घ्यावी लागतील. इसार द्या.”

मी दहा भोपळे घ्यायला आले नव्हते. पर्स उघडली, पैसे दिले, आणि पैसे देता देता तिचे नाव विचारले.

“नाव कशाला? लिंबाखाली कुनी बी सांगंल,” नोटा मोजून कनवटीला लावत ती म्हणाली. “पाइप तुम्ही आना. पन काळा आना. पांढरा नको, त्येचा धूर बादतो.”