मोरजीची माहेरवाशीण

गोव्याचे नाव काढताच परप्रांतीयांच्या डोळ्यांपुढे प्रथम समुद्र उभा राहतो. आम्ही गोव्याचेच रहिवासी. परंतु आमची सारी नोकरी डिचोलीच्या बाजूस, खाणींच्या लाल धुळीत गेली. आमच्या शाळेतील पुष्कळ मुलांना समुद्र ठाऊक असतो तो म्हापशाच्या मासळीबाजारापुरता. म्हणून मागील जानेवारीत आम्ही शिक्षक मंडळी वरच्या वर्गातील मुलांना घेऊन पेडणे तालुक्यातील मोरजीस गेलो. हेतू किनारा पाहण्याचा होता, आणि त्याहूनही अधिक, तेथे बाळंतपणास येणाऱ्या एका पाहुणीची विचारपूस करण्याचा.

शिवोलीचा पूल ओलांडून चोपड्यास उतरले, की शापोरा नदी डाव्या हातास सोबत करू लागते. हीच नदी सह्याद्रीत, दोडामार्गच्या बाजूस, तिळारी या नावाने वाहते. घाटातून निघालेले पाणी मोरजीच्या टोकाशी सागरास मिळते. पैलतीरी शापोऱ्याचा किल्ला, अलीकडे नदीमुखाजवळची रुंद, मऊ वाळू, मागे माडांची राई आणि गावात मोरजाई देवीचे देऊळ, असा हा सारा देखावा आहे. वाळूच्या ज्या भागास तेंबवाडा म्हणतात, तेथे वनखात्याने दोऱ्या बांधून काही जागा राखून ठेवली आहे. आमच्या पाहुणीचे माहेर ते हेच.

ही पाहुणी म्हणजे ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवीण. वजन सुमारे ४० किलो. जन्म वाळूत, पण उभे आयुष्य खोल समुद्रात. नर पिल्लू एकदा पाण्यात शिरले, की सहसा पुन्हा जमिनीवर येत नाही. मादी मात्र वयात आल्यावर, दहापंधरा वर्षांनी, जेथे जन्मली त्याच परिसराच्या किनाऱ्याकडे वळते. लेकीने बाळंतपणासाठी माहेरी यावे, हा आपल्याकडचा रिवाज. तो निसर्गाने या मुक्या जीवासही लावून दिला आहे. साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात, रात्रीच्या निवांत वेळी ती वाळूवर येते, मागील पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू नीट लोटून चोपते आणि मागे वळूनही न पाहता समुद्रात निघून जाते. पुढे दीड-दोन महिने अंडी उबविण्याचे काम वाळूची ऊब करते. नवलाची गोष्ट अशी, की पिल्लू नर होणार की मादी, हेही या उबेवरच ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक, थंड राहिली तर नर अधिक. हवामान तापत चालल्याची जी चर्चा आपण वर्तमानपत्रांत वाचतो, तिचा निकाल असा पायाखालच्या वाळूत लागत असतो.

पिल्ले बहुधा रात्री, वाळू निवल्यावर, एकदम बाहेर पडतात. त्यांना वाट दाखवायला कोणी नसते. ज्या बाजूचे क्षितिज अधिक उजळ, त्या बाजूस धावायचे, एवढेच ज्ञान त्यांच्या रक्तात असते. हजारो वर्षे हे ज्ञान पुरले. कारण अंधाऱ्या रात्री तारांगणाच्या उजेडात चमकणारा समुद्र हीच सर्वांत उजळ बाजू असे. आता माडांखाली विजेचे दिवे झगमगतात. पिल्ले त्या दिव्यांकडे धावतात आणि कुत्र्यांच्या, कावळ्यांच्या तावडीत सापडतात किंवा रस्त्यावर चाकांखाली येतात. ज्या उजेडाने वाट दाखवावी, त्यानेच वाट चुकवावी, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता? एरवीही हजार पिल्लांतून एखादेच वयात येते. त्यात आपल्या हौसेची भर कशाला?

वाळूवर आम्हांस एक वृद्ध रापणकार भेटले. मुलांना घोळक्याने बसवून त्यांनी मोकळेपणाने सांगितले, "मास्तर, पूर्वी ही अंडी आम्हीच काढून खात होतो. बाजारात विकतही होतो. त्यात वाईट काही आहे, असे कोणी सांगितलेच नव्हते." वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याच्या पहिल्या अनुसूचीत या कासवाचे नाव आहे. परंतु कायदा पुस्तकातून वाळूपर्यंत चालत यायला वेळ लागतो. मोरजीत १९९० नंतरच्या दशकात काही गावकरी आणि वनखाते एकत्र आले, आणि जे हात अंडी काढीत होते त्यांतलेच काही हात राखणीस लागले. पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथेही २००२ पासून असेच काम उभे राहिले. राखणीला बाहेरून शिपाई आणून भागत नाही. गावातलाच माणूस रात्री उठावा लागतो.

मुलांचे लक्ष कासवांवर होते, तर आमचे त्यांच्यामागील वाळूच्या टेकड्यांवर. पुष्कळांना त्या निरुपयोगी उंचवटे वाटतात. खरे पाहता, त्या किनाऱ्याची ठेव आहेत. कोरड्या दिवसांत वारा वाळू आणून तेथे साठवितो. मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा या वनस्पती तिला मुळांनी धरून ठेवतात. पावसाळ्यात खवळलेला समुद्र त्या ठेवीतून उचल करतो आणि शांत झाल्यावर परत भरणा करतो. याच टेकड्या पावसाचे गोडे पाणी पोटात जिरवितात. त्या सपाट करून भिंत बांधली, की ठेव मोडली. मग लाट भिंतीवर आपटून पायथ्याची वाळूच ओढून नेते आणि विहिरींचे पाणी मचूळ होऊ लागते. मर्यादवेल हे नावच किती बोलके आहे! ही सागराची आणि माणसाचीही मर्यादा होय.

पण हे सारे सांगणे सोपे आहे. किनाऱ्यावर शॅक चालविणाऱ्या एका तरुणाने आम्हांस जो प्रश्न विचारला, तो तितका सोपा नव्हता. तो म्हणाला, "सर, आमचा हंगाम ऑक्टोबर ते मे. त्यातले चार-पाच महिने कासवांचे. आम्ही दिवे मालवायचे, गाणी बंद करायची, खाटा मागे ओढायच्या. आणि दुसऱ्या किनाऱ्यांवर रात्रभर झगमगाट. मग गिऱ्हाईक आमच्याकडे का थांबेल? घर कासवांवर चालत नाही." त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, घरखर्चाचा हिशेब होता. संरक्षणाचा सारा भार एका वाडीने उचलावा आणि त्याचे पुण्य साऱ्या गोव्याने घ्यावे, हे न्यायाचे नव्हे. नियम सर्व किनाऱ्यांस सारखा लागला, मोठ्या हॉटेलास आणि छोट्या शॅकलाही सारखा लागला, तरच तो तरुण तो मनापासून पाळील.

नियमांची उणीव तशी नाही. १९८१ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा भाग बांधकामापासून मुक्त ठेवण्यास सांगितले. १९९१ साली किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. २०११ च्या अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या चार किनाऱ्यांचा कासवांची वीण होणारी ठिकाणे म्हणून नावानिशी उल्लेख झाला. तरीही मोह कमी होत नाही. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि पेडणे तालुका जगाच्या उंबरठ्यावर आला. त्यासोबत जमिनीचे भावही चढले.

आम्ही खाणपट्ट्यातली माणसे. एकाच धंद्यावर विसंबलेल्या गावाचे काय होते, ते आम्ही पाहिले आहे. डोंगर पोखरला जात असता पैसा आला. विहिरी आटल्या तेव्हा पैसा होता म्हणून कोणी बोलले नाही. पुढे २०१२ साली खाणी बंद पडल्या, आणि मधल्या काळात पुन्हा सुरू होऊन २०१८ च्या मार्चात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत थांबल्या, तेव्हा ट्रकांचे हप्ते राहिले, डोंगर मात्र राहिले नाहीत. खनिज तरी जमिनीखाली होते. किनारा तर उघड्यावर आहे. पर्यटक येतो तो वाळू, माड आणि शांतता पाहण्यासाठी. तेच संपले, तर त्या तरुणाचा शॅक कोणाच्या जिवावर चालणार? कासविणीचे हित आणि त्याचे हित या दोन गोष्टी नाहीत, एवढेच आम्हांस त्याला सांगता आले. तो हसला, पण नाही म्हणाला नाही.

वाचकहो, सुटीत आपण मुलाबाळांसह गोव्यास येता. यावेच, हे आपलेच घर आहे. मात्र हिवाळ्याच्या रात्री मोरजी-आगोंदच्या वाळूवर विजेरी पाजळू नये. घरट्याची दोरी ओलांडू नये, छायाचित्रासाठी पिल्लू हाती घेऊ नये, वाहन वाळूत उतरवू नये आणि बाटल्या-पिशव्या आल्या तशा परत न्याव्यात. उतरण्यासाठी जागा निवडताना, रात्री दिवे मालविणारे यजमान आवर्जून शोधावेत. त्या तरुणाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या खिशात आहे.

आपल्याकडील शिवालयांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. त्याला पाय लागू नये म्हणून आपण मुलांना बाजूने चालायला शिकवितो. दगडाच्या कासवाला जो मान आपण देतो, तो जिवंत कासवाला देण्यास नवे शास्त्र लागत नाही. थोडे बाजूने चालावे लागते, इतकेच.