निळा पट्टा

दर वर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. तो १९४९ सालापासून पाळतात. त्या दिवशी गुरुजींनी आम्हां चौथीच्या मुलांना छोटे कागदी ध्वज आणि एक डबा दिला. गुरुजी म्हणाले, "ज्याला जमेल तेवढे तो देईल. कुणाला आग्रह करू नका. हा पैसा शहीद जवानांच्या घरच्यांना, जखमी जवानांना आणि माजी सैनिकांना उपयोगी पडतो."

मी आणि माझा मित्र घरोघर गेलो. कुणी दहा रुपये दिले. एका आजीने चंचीतून दोन नाणी काढून दिली. गल्लीच्या शेवटी एक आजोबा राहतात. ते फारसे बोलत नाहीत. मी म्हणालो, "आजोबा, मिल्ट्रीसाठी मदत द्या." त्यांनी ध्वज हातात घेतला आणि विचारले, "ह्यो गडद निळा पट्टा कुणाचा, सांग बघू?"

मला येईना. मी आपलं ठोकून दिलं, "आभाळाचा."

आजोबा हसले नाहीत. म्हणाले, "नेव्हीचा हाय त्यो. मी पंधरा वर्षं बोटीवर हुतो. जवान म्हटलं की लोकांला डोंगरावरचाच दिसतोय. पाण्यात गेलेला कुणाला आठवत न्हाई." त्यांनी पन्नास रुपये डब्यात टाकले आणि ते आत गेले. मला फार लाज वाटली. ध्वज वाटायला निघालो आणि ध्वजाचीच माहिती नव्हती!

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी नकाशा लावला. लाल पट्टा भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिका निळा हवाई दलाचा. मग त्यांनी १९७१ च्या युद्धातील खुकरी या युद्धनौकेची गोष्ट सांगितली. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ती बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला बोट सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. दीवला समुद्राकडे तोंड करून खुकरीचे स्मारक आहे. तिथे काचेच्या घरात बोटीची प्रतिकृती ठेवली आहे.

मी समुद्र पाहिलेला नाही. मोरणा धरणाचे पाणी तेवढे पाहिले आहे. माझ्या आजोळी देवळापुढे वीरगळ आहे. लढाईत पडलेल्या माणसासाठी तो दगड उभा केलेला आहे. पण समुद्रात दगड कुठे रोवणार? म्हणूनच काठावर स्मारक केले असेल.

मी बॉल घेण्यासाठी वीस रुपये साठवले होते. ९ तारखेला सकाळी ते डब्यात टाकले. संध्याकाळी आजोबांकडे गेलो आणि म्हणालो, "आजोबा, आज खुकरीचा दिवस."

आजोबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या संगं शिकलेला एक जण त्या बोटीवर हुता." त्यांच्या सदऱ्याला तो कागदी ध्वज अजून टाचलेला होता. आजींनी मला शेंगा आणि गूळ दिला.

आमच्या वर्गाच्या डब्यात ६४० रुपये जमले. बॉल काही घेतला नाही, जुन्यानेच खेळतो. पुढच्या वर्षी मी पाचवीत असेन. तेव्हा ध्वज देताना आधी तिन्ही पट्टे सांगेन, मगच डबा पुढे करेन. मुलांनो, तुम्हीही तसेच करा.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी, शिराळा